मशीनचा आवाज बदलला तर

दिवाळीला चार दिवस राहिले होते आणि आईचं मशीन खडखडायला लागलं. गिऱ्हाइकांचे अकरा ब्लाऊज कापून ठेवलेले, आणि मशीन तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसं वाजत होतं. आईने दिसेल त्या भोकात तेल सोडलं. आवाज तसाच. शेजारच्या काकांनी डिसमिस आणून दिसतील ते सगळे स्क्रू आवळून दिले. आता मशीन जडही झालं, आणि आवाज होताच. संध्याकाळी मशीनवाले मिस्त्री आले. त्यांनी पिशवी उघडलीच नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, पायडल राहू दे. चाक हाताने फिरवा. हळू. अजून हळू." आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

त्या दिवशी काय निघालं ते पुढे सांगते. पण मशीन दुरुस्त करताना हात चालवण्याआधी कान लावायचा असतो, हे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं. पुढे स्वतः शिवायला लागल्यावर त्याचा इतक्यांदा उपयोग झाला, की दर शिवणाऱ्याला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

मी बोलते आहे ते मुख्यतः आपल्या घरोघरी दिसणाऱ्या काळ्या पायमशीनबद्दल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिंगर कंपनीने काढलेल्या 15 नंबरच्या नमुन्यावर ही मशिनं बेतलेली आहेत. आपल्याकडे 1930च्या दशकात कोलकात्यात उषाची मशिनं बनू लागली, पुढे लुधियाना हे या धंद्याचं मोठं ठाणं झालं. नाव कुठलंही असो, पोटातली रचना बहुतेक तीच, आणि म्हणून दुखणीही तीच.

मिस्त्री "हळू" का म्हणाले? पायाने बऱ्यापैकी वेगात चालवलं तर मिनिटाला सहाशे टाके सहज पडतात. म्हणजे सेकंदाला दहा. दर टाक्याला एकदा होणारी टकटक त्या वेगात एकमेकींत मिसळते आणि आपल्याला नुसती घरघर ऐकू येते. चाक हाताने फिरवलं की तीच घरघर सुटी होते. एका फेऱ्यात किती वेळा वाजलं आणि त्या क्षणी सुई कुठे होती, हे दिसायला लागतं.

सुई कुठे होती हे फार महत्त्वाचं. एक टाका पडताना काय काय होतं ते बघा. सुई कापडातून खाली जाते. अगदी तळाला पोचून ती जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर आली, की दोरा सुईच्या मागे फुगतो आणि त्याचा छोटा फासा तयार होतो. नेमक्या त्या क्षणी खाली डोलणाऱ्या शटलचं टोक सुईला जवळजवळ घासून जातं, तो फासा पकडतं आणि खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवून सोडतं. मग वरचा टेकअपचा दांडा दोरा खेचून टाका आवळतो. सुई कापडाबाहेर आली की खालचे दाते वर येऊन कापड पुढे सरकवतात. हे सगळं शक्य झालं ते सुईचं नेढं टोकाशी नेल्यामुळे. एलायस हाऊ याला अमेरिकेत 1846 साली ज्या यंत्राचं पेटंट मिळालं, त्यात अशी सुई आणि खाली दुसरा दोरा, दोन्ही होतं. आजचं पायमशीन त्याच तत्त्वावर टाका घालतं.

आता हा क्रम मनात ठेवून आवाज ऐका. सुई खाली जाताना, सुईखालच्या पट्टीच्या भोकाशीच 'टक' झालं, तर सुई त्या पट्टीला किंवा कापड दाबणाऱ्या फूटला लागते आहे. सुई तळ गाठून वर निघताना बारीक 'टिक' आली, तर शटलचं टोक सुईला लागतं आहे. आणि सुई पूर्ण वर असताना, कापड सरकतं त्या वेळी खडखड होत असेल, तर संशय दात्यांवर घ्यायचा. आईचं मशीन वाजत होतं ते सुई वर असताना. मिस्त्रींनी डोळे उघडले ते तिथेच.

एक सावधगिरी मात्र हवी. आवाज जिथून आल्यासारखा वाटतो तिथेच तो असतो असं नाही. मशीनचं अंग बिडाचं, खाली लाकडी पाट. तंबोऱ्याच्या तारेचा नाद भोपळ्यातून घुमावा तसा आतला आवाज त्या पाटातून घुमतो. म्हणून नुसतं वाकून ऐकण्यापेक्षा एकेक गोष्ट बाजूला काढत जाणं जास्त भरवशाचं. याची पहिली पायरी इतकी सोपी आहे की कुणी ती करतच नाही. वरच्या चाकाच्या मधोमध एक मोठा गोल स्क्रू असतो. बॉबिन भरताना आपण तो सैल करतो, म्हणजे चाक फिरतं पण सुई हलत नाही. तो सैल करा आणि पायडल मारा. आवाज तसाच राहिला तर मशीनचं डोकं निर्दोष आहे. दोष चाकात, पट्ट्यात, स्टँडमध्ये किंवा बॉबिन भरायच्या चकतीत आहे. आवाज बंद झाला तर तो डोक्यात आहे. एका स्क्रूने अर्धं मशीन संशयातून सुटतं.

डोक्यात असेल, तर स्क्रू परत आवळा, दोरा काढा, कापड काढा, फूट वर उचला आणि चाक फिरवा. थांबला? मग दोऱ्याचा, टेन्शनचा किंवा फूटचा प्रश्न. नाही थांबला? बॉबिन केस काढून फिरवा. तरीही नाही? शटल काढून फिरवा. असं करत करत दोन-तीन मिनिटांत तुम्ही आवाजाच्या अगदी दाराशी पोचता, आणि तोवर मशीनचं काहीही उघडून बिघडवलेलं नसतं.

सगळ्यात जास्त वेळा दोषी निघते ती सुई. एवढीशी वस्तू, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. कापड हाताने ओढलं, जाड शिवण आली, टिकल्यांवर टीप गेली, की सुई केसभर वाकते. ते डोळ्यांना दिसत नाही. सुई काढून तिची चपटी बाजू काचेवर किंवा मोबाईलच्या पडद्यावर आडवी ठेवा. सुई आणि काच यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी दिसली तर ती सरळ. टोकाकडे फट कमी-जास्त झाली तर सुई टाकून द्या. बोथट सुईचा आवाज वेगळा असतो. टेरिकॉटसारख्या दाट कापडात ती घुसत नाही, ठोसा मारते, आणि दर टाक्याला 'टप टप' ऐकू येतं. साधारण आठ-दहा तासांचं शिवण झालं की सुई बदलावी. आपण ती मोडेपर्यंत वापरतो, आणि या एका सवयीमुळे जेवढी मशिनं वाजतात तेवढी दुसऱ्या कशामुळेही वाजत नसतील.

नवी सुई बसवताना या काळ्या मशीनला तिची चपटी बाजू उजवीकडे, म्हणजे मशीनच्या अंगाकडे येते आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. सुई वरपर्यंत, अगदी अडेल तिथवर सारून मगच स्क्रू आवळायचा. ती थोडी खाली राहिली किंवा फिरली, तर शटलचं टोक तिला लागणारच. तिथे जागा असते ती कागदाच्या जाडीएवढी. कापडाप्रमाणे नंबरही बदला. सुती-टेरिकॉटला 14 किंवा 16, जीन्सला 18, पातळ जॉर्जेटला 11. पातळ सुईने जीन्सची दुमड शिवली तर सुई वाकते, आणि मग आपण मशीनला नावं ठेवतो.

आता आईचं मशीन. मिस्त्रींनी सुईखालच्या पट्टीचे दोन स्क्रू काढले, पट्टी उचलली आणि आम्हाला वाकून बघायला सांगितलं. दात्यांच्या रांगांमधल्या खाचांत काहीतरी राखाडी भरलेलं होतं. मला वाटलं रबराचा काही भाग आहे. त्यांनी एक साधी टाचणी घेतली आणि टोकाने ते खरवडून काढलं, तर नमद्यासारखी घट्ट पट्टी अख्खीच्या अख्खी बाहेर आली. ती दोऱ्याचा आणि कापडाचा भुगा होती, दात्यांनी दाबून दाबून घट्ट केलेली. उजेडात धरली तर तिच्यात थर दिसत होते. तळाला निळा, शाळा सुरू होतानाच्या गणवेशांचा. मधे पांढरा, अस्तरांचा. वर लाल आणि मोरपंखी, दिवाळीच्या ब्लाऊजांचा. सहा महिन्यांचं काम एका बोटभर पट्टीत साठलं होतं. दाते वर आले की तो घट्ट थर पट्टीच्या खालच्या अंगाला आदळत होता, आणि सगळी खडखड तिथून येत होती. आईने ओतलेल्या तेलाने तो आणखी चिकट झाला होता, एवढाच त्या तेलाचा उपयोग. पट्टी परत बसवली, चाक फिरवलं. मशीन जवळजवळ निःशब्द चाललं. आई काही बोलली नाही, पण तिने तो थर कागदात गुंडाळून मशीनच्या खणात ठेवला, आम्हाला पुढे दाखवायला.

म्हणून सुईनंतर पाहायचं ते पट्टीखाली. पट्टी काढायची, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करायचं. तोंडाने फुंकू नका; फुंकरीतला ओलावा लोखंडाला गंजवतो, आणि भुगा बाहेर येण्याऐवजी आणखी आत जातो.

मग शटल. बॉबिन केस काढली की शटल धरून ठेवणारी कडी दिसते. काही मशिनांत ती खिट्यांवर असते, काहींत स्क्रूवर. सुई पूर्ण वर ठेवूनच ती उघडायची, आणि उघडण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवायचा, म्हणजे परत बसवताना घोळ होत नाही. शटल ज्या गोल खाचेत डोलतं तिथे दोऱ्याचा एक तुकडा अडकला तरी मशीन खरखरतं. मोडलेल्या सुईचं टोक तिथे पडून राहिलं असेल तर मोठा आवाज येतो, आणि ते आत तसंच फिरत राहिलं तर शटलला ओरखडे पडतात. म्हणून सुई मोडली की तिचे सगळे तुकडे हुडकून, जोडून बघायचे. सुई पुरी झाली नाही तर उरलेलं टोक मशीनच्या पोटात आहे असंच समजायचं. शटलच्या टोकावरून नख हळूच फिरवून बघा. नख अडलं तर तिथे खरबरीत कड आली आहे; अगदी बारीक पॉलिश पेपरने ती घासून घेता येते, पण टोकाचा आकार बदलेल इतकं घासू नका.

'धप्प' असा आवाज येऊन मशीन एकदम अडकतं, तो प्रकार निराळा. आपण म्हणतो, मशीन दोरा खातंय. कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं झालेलं असतं. जाळं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिनवर घसरतात, पण चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते: तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो किंवा टेकअपच्या भोकातून ओवायचा राहून गेलेला असतो. वरून कुणी खेचणारं नसलं की सुटा दोरा शटलभोवती गोळा होतो. अशा वेळी पायडलवर जोर देऊ नका. चाक पुढे-मागे थोडं थोडं डोलवा, शटलच्या खाचेत तेलाचा एक थेंब सोडा, अडकलेला दोरा हाताला लागेल तिथे कापून ओढून घ्या. जोर लावला तर सुई वाकते, आणि कधी सुईचा दांडाच जागचा सरकतो.

किरकिर, चिरचिर आणि जड चालणं ही कोरडेपणाची लक्षणं. पण तेल कुठलं, हा खरा प्रश्न. घरात खोबरेल हाताशी असतं, म्हणून तेच घातलं जातं, आणि मला वाटतं मशीनशी याहून वाईट वागता येत नाही. खोबरेल थंडीत थिजतं. शेंगदाणा, करडई ही खायची तेलं हवेत राहून चिकट, पिवळी, राळेसारखी होतात, आणि भुगा त्यांना चिकटून बसतो. मशीनचं पांढरं, पातळ खनिज तेल स्वस्त मिळतं, तेच घाला. मशीनच्या माथ्यावर तेलासाठी भोकं दिलेली असतात, आणि डोकं मागे कलंडवलं की खाली आणखी हलणारे सांधे दिसतात. दर ठिकाणी एक-दोन थेंब पुरे. मग दोरा काढून, चिंधीवर काही मिनिटं मशीन चालवा, म्हणजे जास्तीचं तेल चिंधी पिते आणि गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग येत नाहीत.

पावसाळाभर बंद पडून राहिलेलं मशीन दसऱ्याला उघडलं आणि चाक हलेना, तर आतलं जुनं तेल वाळून घट्ट झालेलं असतं. त्यावर नवं तेल ओतून भागत नाही. आमचे मिस्त्री आधी सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून मशीन फिरवत, काळं पाणी बाहेर आलं की पुसून घेत, मग तेल घालत. हे करताना खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास दिवा, गॅस, उदबत्ती काही पेटतं नको. दसऱ्याचीच आणखी एक गोष्ट. खंडेनवमीला आपण मशीनची पूजा करतो, आणि केलीच पाहिजे, ज्यावर घर चालतं त्याची पूजा करायची नाही तर कशाची? पण हळदकुंकू तेलाच्या भोकांवर वाहू नका. पूजेच्या आधी त्या भोकांवर कागदाचे तुकडे ठेवा. ओलं कुंकू आत जाऊन तेलाशी मिसळलं की त्याचा गारा होतो, तो मी स्वतः काढलेला आहे.

आवाज डोक्यात नसेल, तर खाली वाका. खालचं मोठं चाक एकदा फिरतं तेव्हा वरचं छोटं चाक कितीतरी वेळा फिरतं. त्यामुळे काही टाक्यांआड एकदा येणारा 'धडप' खालचाच: पायडलला आणि चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा सांधा सैल आहे किंवा कोरडा आहे. ठरावीक अंतराने नुसती 'टिक' येत असेल तर चामडी पट्टा पाहा. त्याची दोन टोकं तारेच्या क्लिपने जोडलेली असतात. ती क्लिप उघडलेली असली की चाकावरून जाताना वाजते. पक्कडीने दाबून सपाट केली की झालं. पावसाळ्यात चामडं ओल धरून सैल पडतं, पट्टा घसरतो आणि चिरकतो. थोडा कापून परत जोडावा लागतो. कोकणात हे दर वर्षीचं. बॉबिन भरून झाल्यावर ती छोटी रबरी चकती चाकाला टेकलेलीच राहिली तर घासल्याचा आवाज येतो. तिला मागे सारणं एवढाच उपाय. डोकं पाटाला धरणारे बिजागरीचे स्क्रू, फूटचा स्क्रू, शटलवरची सरकती पट्टी यांच्यापैकी काहीही सैल झालं तरी थरथर येते. तेवढे स्क्रू आवळा. टेन्शनचा, सुईच्या दांड्याचा आणि आतल्या कड्यांचे स्क्रू उगाच आवळू नका. ते मापाने बसवलेले असतात. आईचं मशीन जड झालं होतं ते काकांनी आवळलेल्या अशाच एका स्क्रूमुळे.

मोटर बसवलेली असेल तर आधी प्लग काढा, मगच हात घाला. मोटरचा पट्टा फार ताणलेला असला की ती कण्हल्यासारखी वाजते. पट्टा बोटाने थोडा दाबला जाईल इतपत सैल असावा. ठिणग्या दिसल्या, जळका वास आला, तर बंद करा आणि दुरुस्तीला द्या. नव्या हलक्या मशिनांत काही चाकं प्लॅस्टिकची असतात. त्यांचा एखादा दाता तुटला की दर फेऱ्याला त्याच जागी 'कट्' होतं. तेही घरी होण्यासारखं काम नाही. तशा मशिनांत तेल कुठे घालायचं आणि घालायचं की नाही, हे त्यांच्या पुस्तकात बघूनच ठरवा.

सरळ, नवी सुई नीट बसवूनही सुई वर निघताना ती बारीक 'टिक' येतच असेल, तर शटल आणि सुई यांचा मेळ चुकला आहे. सुईचा दांडा वर सरकला असेल किंवा शटल हलवणारा भाग झिजला असेल. तिथे मात्र थांबा. हे मिस्त्रीचं काम आहे आणि त्याचे पैसे त्याला आनंदाने द्यावेत. हे काम जाणणारी माणसं दर वर्षी कमी होत चालली आहेत. त्याच्याकडे जाताना "मशीन बिघडलंय" एवढंच सांगू नका. आवाज कधी येतो, सुई कुठे असताना येतो, दोरा काढल्यावर थांबतो का, हे सांगा. आणि मशीनचं नुसतं डोकं नेऊ नका. बॉबिन केस, त्यात भरलेली बॉबिन आणि शेवटची टीप घातलेलं कापड तसंच बरोबर न्या.